मगरीची जीभ आणि घारीचे वजन
(वाचकांचे प्रश्न : अद्भुतकथा)

प्रश्न : माझ्या कथेत हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावरचा नावाडी दर अमावास्येला मगर होतो. मित्र म्हणतात, रूप पालटण्याचा प्रसंग जमलाय, पण त्यानंतरची मगर खोटी वाटते. काय चुकत असेल? (एक वाचक, हरिपूर, जि. सांगली)

उत्तर : बहुतेक कथांत कातडं तेवढं बदलतं, आत माणूस तसाच बसलेला असतो. तुमच्या नावाड्याला मगरीच्या अंगाच्या अडचणी द्या. कृष्णेतली मगर थंड रक्ताची आहे. हिवाळ्यात रात्री हवेपेक्षा पाणी उबदार असतं, म्हणून ती पाण्यात पडून राहते आणि ऊन चढलं की अंग शेकायला काठावरच्या गाळाच्या मळीवर येते. पौषातल्या अमावास्येला तुमचा नावाडी वैऱ्यामागे काठ चढून धावला, तर तो अर्ध्या वाटेत गारठून मंदावला पाहिजे. त्याला वैऱ्याला पाण्यापर्यंत आणावं लागेल, आणि ते कसं आणतो यात तुमचं अख्खं प्रकरण आहे.

मगरीची जीभ जबड्याच्या तळाला पडद्याने जखडलेली असते, ती बाहेर काढता येत नाही. त्यामुळे बायकोला हाक मारायला गेला तर घशातून नुसता फूत्कार निघेल. जबडा मिटण्याची ताकद प्रचंड, पण उघडणारे स्नायू दुबळे; एकदा तोंड मिटलं की साध्या दोराने बांधून ठेवता येतं. हे ठाऊक असलेला एखादा म्हातारा कोळी कथेत आणा, वाचकाला धडकी भरेल.

पालटण्याच्या प्रसंगात सगळं शरीर एकदम सांगू नका. हाडं कडाडली, कातडी फाटली, हे वाचून वाचून गुळगुळीत झालंय. एकच अवयव धरा. तोंडात तंबाखूची गोळी आहे, ती जिभेने गालाकडे सारायची आहे, आणि जीभ हलत नाही. मग बुडी मारताना डोळ्यावरून एक पारदर्शक पापणी आडवी सरकते आणि गढूळ पाण्यातही डोळा उघडा राहतो. एवढं पुरे.

आणखी एक गोष्ट आधी ठरवा. अमावास्या दुपारी लागून दुसऱ्या दिवशी दुपारी संपू शकते. मग तो तिथी लागताक्षणी पालटतो, की सूर्य मावळल्यावर? भर दुपारी नावेत माणसं बसलेली असताना तिथी लागली तर? उत्तर कोणतंही चालेल, मात्र शेवटच्या पानापर्यंत तेच राहिलं पाहिजे.

प्रश्न : माझी नायिका अजिंक्यताऱ्यावरून घार होऊन उडते. तिचं साठ किलो वजन जातं कुठे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : प्रश्न अगदी रास्त आहे. घार भरते जेमतेम पाऊण किलो. वजन तसंच ठेवलं तर ती उडणार नाही. माळढोकासारखा भारदस्त पक्षीसुद्धा पंधरा किलोंच्या आसपास थांबतो. सोपा मार्ग म्हणजे तोलामोलाचा प्राणी निवडणे. पन्नास-साठ किलोंचा बिबट्या सह्याद्रीत असतोच. घारच हवी असेल तर उरलेलं वजन कुठेतरी ठेवा : तिचं मूळ शरीर तटाच्या आडोशाला निपचित पडून राहतं, आणि त्याला कुणी हलवलं तर परतीची वाट बंद. आम्हाला हा मार्ग जास्त आवडतो, कारण यात उडण्याला किंमत मोजावी लागते. वजन जादूने नाहीसं होतं असंही लिहिता येईल, पण मग सातव्या प्रकरणात त्याच घारीने ट्रंक उचलून नेऊ नये. असल्या चुका वाचक हमखास पकडतात.

प्रश्न : कपड्यांचं काय करायचं? आणि रूप बदललेलं असताना पात्र मेलं तर? (तीच वाचक)

उत्तर : कपडे बदलत नाहीत असं धरलंत तर परतीच्या जागी लुगडं दडवून ठेवायला लावा, ते सापडलं नाही की एक प्रसंग आपोआप तयार होतो. मरणाबाबत रामायणातला मारीच पाहा. बाण लागताच त्याचं हरणाचं रूप गळून राक्षसाचं मूळ रूप उघडं पडतं, पण मरता मरता तो रामाच्या आवाजात हाक मारतो. त्याचं रूप आणि आवाज वेगवेगळे चालतात, आणि सीता फसते ती आवाजाला. तुमच्या घारीला आवाज कुणाचा आहे, हे पहिल्याच प्रकरणात ठरवून टाका.