हात तपासला, पण बिघाड नेमका कुठे?

तुझी अडचण मला समजली. हाताच्या नसा-स्नायू तपासताना इन्स्पेक्शन (नुसतं बघणं), टोन (स्नायूंचा ताण), पॉवर, रिफ्लेक्स, कोऑर्डिनेशन, सेन्सेशन (संवेदना) हा क्रम पाठ आहे, हातही नीट चालतो, पण शेवटी सरांनी 'लीजन कुठे?', म्हणजे बिघाड नेमका कुठल्या जागी, असं विचारलं की काही सुचत नाही. फायनलला माझंही हेच व्हायचं. पुढे मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात बरीच वर्षं मेडिसिनची ओपीडी केली, तेव्हा कुठे उलगडा झाला. अडचण क्रमाची नसते. ही चाचणी आपण कशासाठी करतोय हे मनात पक्कं नसेल, तर कागदावर नुसते आकडे जमतात.

इंटर्नशिपमधला एक पेशंट सांगतो. रात्रपाळीचा वॉचमन. पहाटे जाग आली तर उजवा हात गळालेला. घरचे 'लकवा मारला' म्हणत घेऊन आले. मनगट लोंबत होतं, मूठ ढिली, बोटं फाकवता येत नव्हती. मी 'पूर्ण हाताची पॉवर २' (पाचपैकी) असं लिहिलं आणि सीटी स्कॅनचा फॉर्म भरायला घेतला. तेवढ्यात रजिस्ट्रार मॅडम आल्या. त्यांनी त्याचा तळवा टेबलावर सपाट ठेवला आणि म्हणाल्या, 'आता बोटं फाकवा.' बोटं फाकली, आणि मी दाबूनही मिटेनात. मग त्यांनी त्याचं मनगट स्वतःच्या हातात वर उचलून धरलं आणि माझी दोन बोटं आवळायला सांगितली. पकड घट्ट होती.

मनगट खाली पडलेलं असलं की बोटं वाकवणारे आणि फाकवणारे स्नायू धडधाकट असूनही दुबळे वाटतात. हे मी त्या दिवशी शिकलो. म्हणून मनगट लोंबताना दिसलं, की आधी त्याला आधार दे आणि मगच बाकीची पॉवर बघ.

पुढचा प्रश्न, बिघाड हातातल्या नसेत की मानेत, जिथून नसांची मुळं निघतात तिथे? मॅडमनी कोपर सरळ करायला लावलं, ते करणारा ट्रायसेप्स उत्तम. मग कोपर काटकोनात, अंगठा वर, आणि 'मी खाली ओढते, तुम्ही वर घ्या'. एरवी इथे अंगठ्याच्या बाजूला ब्रॅकिओरेडियालिस हा स्नायू दोरीसारखा उठून दिसतो. याचा उठलाच नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, मागच्या बाजूला, बधीरपणा होता. रेडियल नस दंडाच्या हाडामागे स्पायरल ग्रूव्ह नावाच्या खोबणीत दबली होती. ट्रायसेप्सच्या फांद्या मुख्यतः त्याच्या वरच निघतात, म्हणून तो वाचला. बिघाड सी ७ चा, म्हणजे मानेतल्या सातव्या मुळाचा असता तर ट्रायसेप्स आणि त्याचा जर्क (हॅमर मारल्यावरचा झटका) गेला असता, ब्रॅकिओरेडियालिस राहिला असता. विचारल्यावर कळलं, गडी खुर्चीच्या पाठीवरून हात टाकून झोपला होता. स्प्लिंट दिला, दोन-अडीच महिन्यांत मनगट उचलायला लागला.

करंगळी बधीर झालेल्या पेशंटचंही असंच. अनामिकेला दोन्ही कडांनी वेगवेगळा स्पर्श करून बघ. करंगळीकडची कड बधीर आणि मधल्या बोटाकडची चांगली असेल तर बहुतेक अल्नर नस. बधीरपणा मनगट ओलांडून पुढच्या हाताच्या आतल्या कडेने वर चढत असेल तर मुळाचा किंवा प्लेक्ससचा (मुळं एकत्र येऊन होणाऱ्या नसांच्या जाळ्याचा) विचार कर. मग तर्जनी बाजूला ढकलून ती फाकवणारा स्नायू, फर्स्ट डॉर्सल इंटरॉसियस, तपास, आणि तळवा वर ठेवून अंगठा छताकडे उचलायला लाव. पहिला स्नायू अल्नर नसेचा, दुसरा मीडियन नसेचा, पण दोघांनाही टी १ हे मूळ लागतं. दोन्ही दुबळे असतील तर एका नसेवर खापर फोडू नकोस. आणि कोपराच्या आतल्या उंचवट्यामागे बोट फिरवून अल्नर नस जाड लागते का ते बघच. वडाळ्याचं अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय १८९० पासून उभं आहे, आणि कुष्ठरोग अजून संपलेला नाही. नस जाड लागली तर अंगभर चट्टे शोध.

शर्ट काढायला लावायचा कंटाळा करू नकोस. ओपीडीत गर्दी असते, मान्य आहे. पण खांद्याचा झिजलेला स्नायू आणि दंडावरची फॅसिक्युलेशन्स (स्नायूंची बारीक थरथर) बाहीखाली दिसत नाहीत. मिनिटभर नुसतं बघत थांब.

मेंदूची शंका असेल तर सगळ्यात बोलकी चाचणी ड्रिफ्टची. दोन्ही हात पुढे, तळवे वर, डोळे मिटलेले, वीसेक सेकंद. तळवा आत वळून हात खाली येऊ लागला की पिरॅमिडल बिघाड, म्हणजे मेंदूकडून हालचालीचा हुकूम आणणाऱ्या मार्गाचा, मग पॉवर ५ भरली असली तरी. पॉवरची ० ते ५ ही मोजपट्टी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये नसांच्या दुखापतींसाठी छापली होती. ताठरलेल्या हातात ती फसवते, त्यातही ग्रेड ४ म्हणजे फारच ऐसपैस डबा. तिथे खांदा बाजूला उचलणारे, कोपर सरळ करणारे आणि बोटं उघडणारे स्नायू जास्त दुबळे आहेत का ते बघ. तो नमुना आकड्यापेक्षा जास्त सांगतो.

रिफ्लेक्समध्ये एक गोष्ट चुकवू नकोस. सुपिनेटर जर्कसाठी मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला हॅमर मारलास, कोपर वाकलंच नाही आणि बोटं मात्र मिटली, तर सी ५-सी ६ पातळीला मुळासकट स्पायनल कॉर्ड (मज्जारज्जू) दाबला जातोय. लगेच पायांकडे वळ. गुडघ्याचे जर्क वाढलेले आणि प्लांटर (तळपाय खरडल्यावर अंगठ्याची हालचाल) वर जाणारा मिळाला तर एमआरआय मानेचा सांग. असे पेशंट 'शर्टाची बटणं लागत नाहीत' एवढीच तक्रार घेऊन येतात.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, बोलताना सापडलेलं आधी सांग, मग जे शाबूत आहे ते. 'सर, मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू आणि ब्रॅकिओरेडियालिस दुबळे, ट्रायसेप्स आणि त्याचा जर्क शाबूत, बेचक्यात बधीरपणा, म्हणून रेडियल नस, स्पायरल ग्रूव्हपाशी.' एवढं बोलून थांब, त्यांना पुढचं विचारू दे.