खुब्याची वाटी फुटली आहे, ऑपरेशनआधी हाडाचं थ्रीडी मॉडेल काढायचा खर्च करावा का?

तुम्ही लिहिलंय की निफाडला वडील ट्रॅक्टरवरून पडले, खुब्याची वाटी फुटली, आणि डॉक्टर म्हणतात आधी हाडाचं प्लास्टिकचं मॉडेल काढू, 3 हजार जास्त लागतील. हा उगाच वाढवलेला खर्च तर नाही ना, असं तुम्ही विचारताय.

नाही. मी नाशकात हाडांचा डॉक्टर आहे. मनगट किंवा मांडीचं साधं, सरळ फ्रॅक्चर असतं तर मीच म्हटलं असतं की पैसे वाचवा. पण खुब्याची वाटी खोल असते, वाकडीतिकडी असते आणि आम्हाला ती ऑपरेशनमध्ये एका वेळी एकाच बाजूने दिसते. पलीकडचा तुकडा किती फिरलाय हे एक्स-रेवरून नुसतं ताडावं लागतं.

माझ्या पहिल्याच मॉडेलने मला हे शिकवलं. सीटी स्कॅनचे काप (हाडाचे थराथराने घेतलेले फोटो) स्क्रीनवर दहा वेळा पाहिले होते. मॉडेल हातात घेऊन अंगठा मागच्या कडेवरून फिरवला, तेव्हा एक पातळ तुकडा आत दबलेला लागला. तो मी पाहिला होता, पण त्याची जागा मला कळलीच नव्हती. त्या रात्री मी चीर कुठून घ्यायची हे बदललं.

दुसरा मोठा फायदा प्लेटचा, म्हणजे तुकडे धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीचा. एरवी ऑपरेशन चालू असताना प्लेट वाकवायची, लावून बघायची, काढायची, पुन्हा वाकवायची. तेवढा वेळ रक्त जात राहतं आणि सी-आर्मचे (ऑपरेशनमधल्या एक्स-रे मशीनचे) फोटोही वाढतात. आम्ही चांगल्या बाजूचं हाड कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखं उलटवून छापतो आणि प्लेट आदल्या दिवशीच त्यावर बसवून ठेवतो. उलटवलेल्या मॉडेलवर बाजू मार्करने लिहायची, ही माझ्याकडे सक्ती आहे. डाव्या-उजव्याची चूक इथे परवडणारी नाही.

खर्चाचं म्हणाल तर हाडं वेगळी काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं (थ्रीडी स्लायसर, इनव्हेसॅलियस), आणि पीएलए प्लास्टिक साधारण हजार रुपये किलो. अर्ध्या कटीला (कमरेच्या एका बाजूच्या हाडाला) पाव किलोच्या आसपास लागतं. खरी किंमत वेळेची: सीटीवर बसून तुकडा न् तुकडा सुटा करायचा, मग छपाईला 15-20 तास. एकदा पहाटे लाइट गेली आणि अर्धवट मॉडेल फेकावं लागलं. तेव्हापासून प्रिंटर इन्व्हर्टरवर आहे.

पीएलए 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं, ऑटोक्लेव्ह (वाफेने जंतू मारायचं यंत्र) 121 अंशांवर चालतो. त्यामुळे वाफेत जाते ती वाकवलेली प्लेट, मॉडेल ऑपरेशनच्या टेबलापासून लांब राहतं. मॉडेलमध्ये कूर्चा, नस, रक्तवाहिनी काही दिसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचं पातळ हाड असेल तर नसलेली भोकंही दिसतात. म्हणून शेजारी सीटी उघडा हवाच.

तुम्ही आज एवढं करा: सीटी सेंटरवरून सीडी मागून घ्या, 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांची. फिल्मवरून मॉडेल निघत नाही. आणि डॉक्टरांना मॉडेल कधी हातात येईल ते विचारा. दोन दिवस थांबायला हरकत नाही. पण मार लागून 3 आठवडे उलटले की तुकडे चिकटायला लागतात, मग ते जागेवर आणणं फार अवघड होतं.