स्टीलचा ऑइल फिल्टर: घ्यावा की नाही?

स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरायचा हा फिल्टर रोजच्या गाडीसाठी विचारत असशील तर नको घेऊस. 'एकदाच घ्या, आयुष्यभर वापरा' हे ऐकायला छान वाटतं, पण धुवायचं कोणी?

मी एक वापरलाय. दर ऑइल बदलाला तो खोलायचा, रॉकेलमध्ये बुडवून मऊ ब्रशने घासायचा, मग आतून बाहेर हवा मारायची. उलटी मारलीस तर बाहेरची घाण जाळीतून आत, म्हणजे स्वच्छ बाजूला जाते. शेवटी जाळी उजेडासमोर धरून बघायची. कुठे एखादी तार सरकून भोक मोठं दिसलं की तो फिल्टर संपला, कारण त्या भोकातून ऑइल न गाळताच बेअरिंगकडे जाणार. ओ-रिंगही (गळती थांबवणारी रबरी कडी) दर वेळी तपासायची. हात दोन दिवस वास मारतात ते वेगळंच.

दुसरं म्हणजे गाळणं. या जाळ्यांची भोकं साधारण 30-35 मायक्रॉनची असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). चांगला कागदी किंवा सिंथेटिक फिल्टर त्याहून बारीक कण धरतो, आणि इंजिनाची झीज मुख्यतः अशा बारीक कणांनीच होते. जाळीतून ऑइल मोकळं वाहतं हे खरं, पण रोजच्या गाडीला तेवढ्या प्रवाहाची गरजच नसते.

रेसिंगवाल्यांचं गणित निराळं. ते इंजिन सतत उघडतात, आणि जाळीत चकाकणारा धातूचा चुरा दिसला की बेअरिंग जातंय हे त्यांना आधीच कळतं. तुला तेवढ्यासाठीच हौस असेल, तर जुना कागदी फिल्टर कापून घड्या उलगडून बघ, तिथेही चुरा दिसतो.