आधी बोल, मग सूर

प्रिय मित्रा,

जुन्या अमेरिकी प्रेमगीतांचा जॅझ अल्बम करायचा म्हणून तू पाठवलेली तिन्ही गाणी ऐकली. दुसऱ्या गाण्यात मध्येच अडखळलास, हसलास आणि "सॉरी, परत घेतो" म्हणालास. खरं सांगू? सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये मला आवडलं ते एवढंच, कारण तिथे तू होतास. बाकी सगळीकडे टक्सिडो घातलेला कुणीतरी गात होता, आणि तो कोण हे आपण दोघंही ओळखतो.

अमेरिकी गायक फ्रँक सिनात्रा ऐकूच नकोस, असं मी म्हणणार नाही. फक्त त्याची ढब उचलू नकोस, श्वास उचल. टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना डॉर्सी ट्रॉम्बोन या फुंकवाद्यावर लांबलचक ओळ न तोडता कशी नेतो, हे तो जवळून पाहत होता. गाताना त्यानं तेच केलं. तू मालिकेत संवाद म्हणताना अर्थ पुरा झाला की श्वास घेतोस, कधी चुकत नाहीस. गाताना मात्र दम संपेल तिथे घेतोस, मग कर्ता एका श्वासात आणि क्रियापद दुसऱ्या. तेव्हा पहिले दहा दिवस गाऊ नकोस. शब्द कागदावर उतरव आणि समोर कुणीतरी बसलंय असं धरून नुसते म्हण. श्वास कुठे घ्यायचा ते त्यातच ठरेल.

'मालिकेतला चेहरा घेऊन आला गायला', असं लोक म्हणतील. म्हणू देत. ज्यांना आज आपण जॅझ स्टँडर्ड्स म्हणतो, म्हणजे जॅझवाले पुन्हा पुन्हा घेतात ती ठरलेली गाणी, त्यातली कितीतरी मुळात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरल्या नाटकांसाठी लिहिलेली आहेत. एखादं पात्र, एखादा प्रसंग, आणि ते म्हणणारे नट. जॅझवाल्यांनी ती नंतर उचलली. कोल पोर्टरचं 'नाइट अँड डे' १९३२ साली रंगमंचावर पहिल्यांदा म्हटलं ते फ्रेड अस्टेअर या नर्तक-नटानं. त्याचा आवाज काही दणदणीत नव्हता, पण पोर्टर, बर्लिन, गर्शविन या सगळ्या संगीतकारांना आपलं गाणं त्याच्या तोंडी हवं असायचं, कारण तो शब्द सांडत नसे. १९३८चं 'सप्टेंबर साँग' तर कुर्ट वाइलनं वॉल्टर ह्यूस्टन या नटाच्या मर्यादित गळ्याला मानवेल असंच बांधलं. उतारवयातला माणूस, हातात दिवस थोडे, आणि अर्धवट बोलल्यासारखा तो आवाज. चांगल्या गळ्याच्या कित्येकांनी ते पुढे गायलं, पण मला ह्यूस्टनच आठवतो.

म्हणून नट असणं लपवू नकोस. पण गाण्यावर अभिनयही थापू नकोस. तिसऱ्या गाण्यात 'एकटा' या अर्थाचा शब्द आला की तुझा आवाज कापतो. ते ऐकून मला हसू आलं, रागावू नकोस. सूर तिथे आधीच खाली उतरलाय, खालचा कॉर्ड, म्हणजे साथीचा स्वरमेळ, उदास झालाय, आणि वरून तूही रडतोस! कॅमेऱ्यासमोर क्लोजअपमध्ये तू भुवईसुद्धा हलवत नाहीस. माईक हाही क्लोजअपच आहे. १९२५च्या सुमाराला विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, तोवर गायकाला भोंग्यात आवाज फेकावा लागे. माईक आल्यावर बिंग क्रॉसबीसारख्या गायकांना कानाशी बोलल्यासारखं गाता आलं, आणि ही सगळी प्रेमगीतं त्या जवळिकीवर उभी राहिली. तेव्हा चार बोटं अंतर ठेवून एकाच माणसासाठी गा, शेवटच्या रांगेसाठी नको.

आता तुझ्या सवयीविरुद्धची गोष्ट. सेटवर तू क्षणभर थांबलास की सगळं युनिट तुझ्यासाठी थांबतं. इथे ड्रमरचा ब्रश थांबत नाही. जॅझ गायिका बिली हॉलिडे ठेक्याच्या मागे रेंगाळते, ते ऐकून पुष्कळांना वाटतं की वाटेल तेव्हा आलं तरी चालतं. ती रेंगाळायची खरी, पण सम कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक असायचं. तू रेंगाळतोस तेव्हा मात्र हरवलेला वाटतोस. ते दहा दिवस झाले की महिनाभर अगदी ठेक्यावर, कवायतीसारखं रुक्ष गा. मागे सरकण्याची परवानगी मी नंतर देईन.

तुझ्यासाठी एक हक्काची जागा मात्र आहे, आणि बहुतेक गायक ती सोडून देतात. या गाण्यांना सुरुवातीला 'व्हर्स' असायचा. मुख्य गाण्याआधीचा, बोलण्याला जवळचा भाग, बहुधा लयीत न बांधता म्हटलेला. नाटकात संवादातून गाण्यात शिरायला तो पूल होता. तिथे फक्त पियानो असेल आणि तो तुझ्यामागे येईल. हवं तिथे थांब. किमान तीन गाण्यांत व्हर्स ठेवूच.

पट्टीचं भांडण आधीच मिटवू. छापील वहीत असते ती पट्टी बहुतेक वेळा वाद्यांच्या सोयीची असते, तिला देव मानू नकोस. वरच्या सुरांत तुझा आवाज चमकतो, पण तो जाहिरातीतला वाटतो. बोलण्याच्या आवाजाच्या जरा वर तुझी खरी जागा आहे. दीड-दोन सूर खाली आणू. खर्जात पुटपुटायचं नाही, तेही सोंगच.

आणि लांबी. नेहमीचा साचा बत्तीस बारचा, एका बारमध्ये चार ठोके. संथ गाणं मिनिटाला साठ ठोक्यांवर धरलं, तर एकच आवर्तन दोन मिनिटांच्या वर जातं. दोनदा गायलास तर सव्वाचार मिनिटं तूच तू! म्हणून जुनी युक्ती कर: एकदा पूर्ण गा, मग अर्धं आवर्तन सॅक्सोफोनला दे आणि 'ब्रिज'पासून, म्हणजे मधल्या वेगळ्या चालीच्या भागापासून, परत ये. ते वाजत असताना तू ऐकत असलास, तर ते पुढच्या ओळीत ऐकू येतं.

बारा व्हायोलिनांचा हट्ट सोड. एकदा मी एका नवख्या गायकासाठी तसा ताफा उभा केला होता, हौस माझीच. मिक्स ऐकताना कळलं की गायक सापडतच नाही. तुला पियानो, बास, ड्रम्स आणि एक फुंकवाद्य पुरे. सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी. माईक एकमेकांचा आवाज पकडतील, नंतर सूर दुरुस्त करणं अवघड जाईल, आणि मला तेच हवंय. १९६३मध्ये गायक जॉनी हार्टमन आणि सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन यांनी केलेल्या अल्बमात गाणी सहाच आहेत, सगळी मिळून अर्ध्या तासाची. तुझ्या यादीत सोळा आहेत, त्यातली चौदा संथ. प्रेमगीत म्हणजे संथच, हा नियम कुणी केला? 'समवन टू वॉच ओव्हर मी' गर्शविननं आधी चलत लयीतच कल्पिलं होतं.

यादी नऊवर आण. जे गाणं तू स्वतःच्या आयुष्यातल्या कुणालाही उद्देशून म्हणू शकत नाहीस, ते आधी काढ. ती व्यक्ती कोण, हे मला सांगू नकोस. गुरुवारी ये, पट्ट्या ठरवू. लिंबूपाणी पिऊन घसा 'तयार' करून येऊ नकोस, नुसता झोपून ये.

तुझी,
पियानोवर बसणारी

ता. क. हक्कांचं विचारलं होतंस. अमेरिकेत एकदा रेकॉर्ड होऊन बाजारात आलेलं गाणं पुन्हा रेकॉर्ड करायला रीतसर सूचना देऊन कायद्यानं ठरवलेलं मानधन भरलं की पुरतं, मात्र मूळ चाल बदलायची नाही. १९३० किंवा त्याआधी तिथे प्रसिद्ध झालेली गाणी १ जानेवारी २०२६पासून तिथे सगळ्यांना खुली आहेत. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा हिशेब वेगळा. आणि व्हिडिओसाठी वेगळी परवानगी लागते, ती मालक नाकारूही शकतो. तुझ्या निर्मात्यानं व्हिडिओचं शूटिंग ठरवलंय असं ऐकते. आधी पत्र पाठवायला सांग.