एचव्हीडीसीमध्ये (उच्च दाबाच्या डीसी वीजवहनात) डीसी करंट वाढला म्हणजे कम्युटेशन फेल्युअर (करंट एका व्हॉल्व्हमधून, म्हणजे स्विचमधून, पुढच्यात वळायचं फसणं) झालंच, असं धरायचं का?

नाही, फक्त त्याच्यावरून धरू नका. डीसी करंटच्या बाजूला ट्रान्सफॉर्मरच्या व्हॉल्व्ह वाइंडिंगचा (व्हॉल्व्हकडच्या गुंडाळीचा) एसी करंट ठेवून पहा, खरी खूण त्या दोघांच्या फरकात सापडते.

गावाकडं पऱ्हाटीला ओलीत करताना एका सरीचं तोंड मातीनं बुजवून पाणी दुसरीत वळवतो ना, आणि माती बसायच्या आत पाण्याचा रेटा आला का बुजवलेलं तोंड पुन्हा फुटते. थायरिस्टरचं, म्हणजे व्हॉल्व्हमधल्या इलेक्ट्रॉनिक स्विचचं, तसंच आहे, करंट शून्य झाल्यावर सावरायला त्याले सुमारे ४०० मायक्रोसेकंद लागतात, त्याच्या आत सुलट व्होल्टेज आलं तर गेट पल्स (चालू करायचा इशारा) नसतानाही तो परत चालू होते. म्हणून इन्व्हर्टरचा (डीसीचं एसी करणाऱ्या टोकाचा) एक्स्टिंक्शन अँगल, म्हणजे करंट थांबल्यापासून सुलट व्होल्टेज येईपर्यंतची सवड, १८ अंशाच्या आसपास ठेवतात, ५० हर्ट्झवर तो म्हणजे १ मिलिसेकंद.

आता जुना व्हॉल्व्ह बंद झालाच नाही आणि थोड्या वेळानं त्याच फेजचा समोरचा व्हॉल्व्ह फायर झाला (चालू केला), तर वरचा-खालचा दोन्ही चालू, म्हणजे डीसी बाजू तिथंच शॉर्ट. डीसी व्होल्टेज शून्याकडं, डीसी करंट वर, आणि वाइंडिंगमधून मात्र करंट जातच नाही. मी एका स्टेशनात शिफ्टला असताना पावसाळ्यात एसी लाइनवर वीज पडली तेव्हाचा फॉल्ट रेकॉर्ड पट्टी लावून पाहिला होता, डीसी करंटची एक रेघ वर चढून राहिली आणि तिच्या खालच्या एसी करंटच्या तिन्ही रेघा सपाट झोपलेल्या. प्रोटेक्शन हेच मोजते, तिन्ही फेजमधला मोठ्यात मोठा एसी करंट घ्यायचा, डीसी करंट त्याच्यापेक्षा ठरवलेल्या मर्यादेनं जास्त निघाला का फेल्युअर. स्टार आणि डेल्टा ब्रिजचं (वाइंडिंगच्या दोन जोडण्यांवरच्या व्हॉल्व्हच्या संचांचं) वेगवेगळं मोजतात. एखादवेळचं असलं तर सिस्टीम आपणच सावरते, लागोपाठ होऊन राहिलं तरच पुढची कारवाई.

आता तुमचा घोळ कुठं होते ते सांगतो. आपल्या चंद्रपूरहून पडघ्याला ±५०० केव्हीची, १५०० मेगावॅटची, ७५२ किलोमीटरची लाइन जाते, त्यात चंद्रपूर रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारं टोक) आणि पडघे इन्व्हर्टर. चंद्रपूरच्या टोकाला बसून पाहिलं तर डीसी लाइनचा फॉल्ट आणि पडघ्याचं कम्युटेशन फेल्युअर सुरुवातीला सारखंच दिसते, व्होल्टेज खाली, करंट वर. पण लाइन फॉल्टमध्ये पडघ्याकडचा करंट पडते आणि फेल्युअरमध्ये चढते, म्हणून इन्व्हर्टरकडचं माप पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

व्हायच्या आधीच ओळखायचं असेल तर एसी व्होल्टेजवर नजर ठेवा. सिंगल फेज फॉल्टसाठी तिन्ही फेजची बेरीज म्हणजे झिरो सिक्वेन्स, थ्री फेजसाठी अल्फा-बीटा (तिन्ही फेजचं दोन मापांत रूपांतर), आणि मर्यादा ओलांडली का फायरिंग लगेच अलीकडं घ्यायचं. व्होल्टेज थोडंच पडलं म्हणून निश्चिंत राहू नका, फेज सरकून झिरो क्रॉसिंग (व्होल्टेज शून्य ओलांडायचा क्षण) लवकर आलं तरी अँगल तेवढाच खाल्ला जाते.