वाचलेलं अनुभवाशी जोडायला मुलांना घरी कसं शिकवायचं?

तुमची मुलगी पाचवीत आहे, घडाघडा वाचते, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. बाईंनी सांगितलंय की वाचलेलं स्वतःच्या अनुभवाशी जोडायची सवय लावा, आणि ती कशी लावायची हे तुम्ही विचारताय. उत्तर खरं तर दोन ओळींचं आहे. पण ‘अनुभवाशी जोडा’ हे शब्द दिसले की माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सोळा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. काही वर्षांपूर्वी तालुक्याला वाचनाचं प्रशिक्षण झालं. मूल वाचताना तीन प्रकारे जोडतं, एक स्वतःशी, दुसरं आधी वाचलेल्याशी आणि तिसरं आजूबाजूच्या जगाशी, हे तिथे तीन दिवस शिकवलं. गोष्ट खरी आहे, तक्रार तिथे नाही. तक्रार त्यानंतरची. आमचे सुलभक, म्हणजे ते प्रशिक्षण देणारे, महिनाभराने माझा तास बघायला आले.

चौथीचा वर्ग. मी फळ्यावर कोळीवाड्याबद्दल तीन ओळी लिहिल्या होत्या: ‘दिवसातून दोनदा भरती येते. भरतीच्या वेळी होड्या धक्क्याला लागतात. ओहोटी लागली की त्या चिखलात बसतात.’ वाचून झालं. सुलभकांनी विचारलं, कोणाला काय आठवलं? मागून एक पोरगा ताडकन उठला. “सर, माहा दादा बी भरतीचीच तयारी करून राह्यला. रोज पाच वाजता रोडनं पयते.”

आता आमच्या गावात भरती म्हणजे पोलीस भरती, नाहीतर मिलिटरीची. सकाळी डांबरी रस्त्यावर पोरं धावताना दिसतात तीच. समुद्र वर्गात एकानेही पाहिलेला नव्हता. मग काय, सगळा वर्ग सुटला. कोणाचा मामा छातीत भरला नाही, कोणाचा काका गोळाफेकीत मागे पडला. होड्यांचं काय, असं मी विचारलं तर उत्तर तयार होतं: “लांबून येतेत ना सर, पोरं होडीत बसून येत असन भरतीले.” सुलभक खूश. टाळ्या वाजवायला लावल्या. “बघा, मुलं कशी स्वतःशी जोडतात!”

तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक पोरगी, जी एरवी तोंड उघडत नाही, फळ्याकडे बघत म्हणाली, “पण सर, भरती दिवसातून दोनदा कशी निघन? इथं दोन वर्षं झाले, एक नाही निघाली.”

अख्ख्या तासात वाचन केलं ते त्या एका पोरीने. तिनेही दादाच आठवला होता, पण आठवलेलं घेऊन ती परत ओळीवर आली आणि ते बसत नाही हे तिला दिसलं. सुलभकांनी तिला “छान, बस” म्हटलं आणि पुढच्या मुलाला उभं केलं.

चहाच्या वेळी मी बोललोच. ते म्हणाले, “सर, तुम्ही मुलांचा उत्साह मारता. अनुभव चुकीचा नसतो.” अनुभव चुकीचा नसतोच हो, पण तो भलत्या ओळीला चिकटवला तर अर्थ चुकतो. मग मी कागदावर दोन वाक्यं लिहून त्यांच्यापुढे ठेवली: ‘पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी म्हातारा लोण्याची वाटी घेऊन गोठ्यात गेला. जरा वेळाने वाटी तशीच घेऊन परत आला.’ काय झालं सांगा म्हटलं. ते शहरात वाढलेले. म्हणाले, वासराने खाल्लं नसेल. बाजूला खेळणाऱ्या तिसरीतल्या पोराला तेच विचारलं. तो म्हणाला, “बैल इकला असन.” त्याने घरी खांदशेकणी पाहिलेली आहे. बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणतात ते त्याला ठाऊक आहे. लोणी परत आलं म्हणजे खांदाच नाही.

अमेरिकेत 1988 मध्ये रेक्ट आणि लेस्ली या दोघी संशोधकांनी हेच बेसबॉलवर करून पाहिलं होतं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सामन्याचं वर्णन चांगलं सांगू शकली. म्हणजे जोडायला आधी गाठीला काहीतरी लागतं. ते नसताना “जोड, जोड” म्हणत बसलं तर पोरगं हाताला लागेल ते जोडतं.

तर घरी काय करायचं? ‘तुला काय आठवलं’ इथे थांबू नका. ‘ते कोणत्या ओळीवरून आठवलं’ हे विचारा, आणि आठवलेलं पुढच्या ओळीत बसतं का ते तिलाच बघू द्या. नाही बसलं तर टाकून द्यायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वाचायच्या आधी विषयाची थोडी ओळख करून दिलीत तर निम्मं काम तिथेच होतं. शाळेने वहीत त्या तीन प्रकारच्या जोडण्यांचे तीन रकाने भरायला दिले असतील तर भरू द्या, गुणांचा प्रश्न असतो.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं. घडाघडा वाचते म्हणता ते नवं पान की पाठ झालेला धडा, हे एकदा तपासा. पाठ असेल तर हे सगळं नंतर.

त्या भरतीवाल्या पोराचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी मी भरती समजवायला आमच्या पाटाचा दाखला दिला: पाणी सोडलं की चढतं, बंद केलं की उतरतं. तो म्हणाला, “पाटाचं पानी इंजिनिअर सोडते सर. समुद्राचं कोन सोडते?” चंद्रावर तास गेला, अमावास्या-पौर्णिमेचं उधाण सांगेपर्यंत घंटा झाली. त्या दिवशी गणित बुडालं.