कॅप्टन मनोज कुमार पांडे यांना परमवीरचक्र नेमकं कोणत्या कामगिरीसाठी मिळालं?

थोडक्यात सांगायचं तर, कारगिल युद्धात बटालिक भागातल्या खालुबारवर शत्रूचे बंकर एकामागून एक उद्ध्वस्त केल्याबद्दल. तेव्हा ते लेफ्टनंट होते, वय अवघं 24. पलटण होती 1/11 गोरखा रायफल्स, सियाचीनची ड्युटी संपवून नुकतीच खाली उतरलेली.

2-3 जुलै 1999 ची रात्र. पांडेंची तुकडी शत्रूच्या माऱ्यात उघड्यावर सापडली. उजाडलं असतं तर वरून एकेक जवान टिपला गेला असता, म्हणून थांबणं शक्यच नव्हतं. आपल्या जवानांना आडोशाच्या जागी नेऊन त्यांनी थेट हल्ला चढवला. पहिल्या ठाण्यावर दोघांना मारलं, दुसऱ्यावर आणखी दोघांना. तिसरं ठाणं घेताना खांद्याला आणि पायांना गोळ्या लागल्या. तरी मागे फिरले नाहीत. चौथ्या बंकरवर ग्रेनेड टाकून तो उडवला, पण त्याच वेळी कपाळावर गोळ्या लागल्या आणि ते तिथेच कोसळले. ‘ना छोडनु’, म्हणजे नेपाळीत ‘त्यांना सोडू नका’, हे त्यांचे शेवटचे शब्द सांगितले जातात. उत्तर प्रदेशचा हा मुलगा गोरखा जवानांशी त्यांच्याच नेपाळीत बोलायचा, मला यातच त्यांचं जवानांशी असलेलं नातं दिसतं. पुढे खालुबार आपल्या ताब्यात आलं.

आणखी एक. ते आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतून, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून घडले होते. सैन्यात का यायचंय, असं निवड मंडळाने विचारल्यावर त्यांनी ‘परमवीरचक्र मिळवायला’ असं उत्तर दिल्याचं सांगतात. ते मिळालं, मरणोत्तर.